पाणमांजरीची कंटाळलेली पिल्लं

माणसं नदीवर पूल बांधायला शिकली, त्याच्याही कितीतरी आधीची गोष्ट. एका पाणमांजरीला तीन पिल्लं होती. "आई, कंटाळा आला," असं कुणी म्हणायचा अवकाश, की ती धावत जाऊन कधी गुळगुळीत गोटे आणायची, कधी शिंपले, कधी चालता खेकडा. पिल्लं घटकाभर खेळत आणि पुन्हा तोंडं वाकडी करत. या धावपळीत तिला मासे धरायला वेळच मिळेना. ती काडीसारखी वाळली आणि पिल्लंही अर्धपोटी राहू लागली.

शेवटी शेजारचं म्हातारं कासव म्हणालं, "बाई, आज त्यांना कंटाळू दे. तू आपली मासे धरायला जा."

"रडतील हो ती," पाणमांजरी म्हणाली. पण भुकेपुढे तिचा नाइलाज झाला.

पिल्लं खरंच रडली. मग काठावर उताणी पडून राहिली. ढग बघून झाले, एकमेकांच्या शेपट्या चावून झाल्या. करण्यासारखं काहीच उरलं नाही, तेव्हा टुणकी नावाच्या पिल्लाने आळसावून कूस बदलली. त्यासरशी ती ओल्या चिखलावरून सुर्रकन घसरली आणि थेट नदीत पडली. दोघे भाऊ क्षणभर बघतच राहिले. मग तेही घसरले.

दुपारी पाणमांजरी मोठा मासा घेऊन परतली, तर काठावर रांग लागलेली. पिल्लांमागे दोन बदकं, बदकांमागे बेडूक आणि सगळ्यात शेवटी एक अवाढव्य रानम्हैस.

"आई, मासा ठेव आणि लवकर ये," टुणकी ओरडली. "म्हशीच्या पुढे उभी राहा. ती घसरल्यावर काठ शिल्लक राहील असं वाटत नाही."