दगडासारखा गाभा

एका औद्योगिक गावातल्या ओतशाळेत एकदा तिशी उलटलेली एक स्त्री काम शिकण्यासाठी आली. तिचे नाव शालन. केरबा मिस्त्री नावाचे वृद्ध कारागीर तिचे गुरू झाले. पंपाच्या पोटात जी पोकळी असते, ती घडवण्यासाठी आधी वाळूचा गाभा करावा लागतो. वाळूत तेल आणि काकवी कालवायची, पेटीत दाबून आकार द्यायचा, भट्टीत भाजायचा आणि साच्यात बसवायचा. मग त्याच्याभोवती वितळलेले लोखंड ओतले जाते. ही विद्या शालन शिकत होती.

प्रारंभी तिचे गाभे उचलतानाच मोडत. एकदा तर फळीवरच्या सहाही गाभ्यांचा चुरा झाला आणि सारा विभाग हसला. नवरा आजारी, घर तिच्याच कमाईवर चाललेले. हे काम सुटले तर दुसरे मिळेल याचा भरवसा नव्हता. तेव्हापासून ती मिश्रणात काकवी अधिक घालू लागली, भाजणीही वाढवली. गाभे दगडासारखे होऊ लागले. पुढच्या दोन महिन्यांत एकही मोडला नाही.

एके सकाळी ती गुरूंपुढे उभी राहिली. "मामा, आता माझं नाव कुशल कारागिरांच्या परीक्षेला पाठवा."

केरबांनी तिचा गाभा नखाने खरवडून पाहिला. नखाचा ओरखडाही उमटला नाही. ते म्हणाले, "उद्यापासून आठवडाभर सफाईला जा."

सफाई विभागात ओतलेल्या भागांतली वाळू छिन्नी-हातोड्याने काढत. तिथे कोणी शिकायला जात नसे.

"माझं काय चुकलं, मामा?"

"जाऊन तर ये."

अपमान गिळून शालन गेली. तिथे अन्वरभाई नावाचे कामगार पंपाच्या वाकड्या नळीत छिन्नी घालून ठोकत होते. मनगटाला फडके बांधलेले. वाळूचा एकेक कण निघत होता.

"एवढा वेळ लागतो याला?" तिने विचारले.

"आधी नव्हता लागत. दोन ठोके दिले की वाळू आपोआप सांडायची. दोन महिने झाले, गाभे कोण करतंय कुणास ठाऊक! सिमेंट भरल्यागत असतात."

तिसऱ्या दिवशी अन्वरभाईंनी वैतागून जोराचा घाव घातला आणि पंपाला तडा गेला. नवाकोरा पंप वाया गेला. ते हातोडा बाजूला ठेवून, मनगट धरून खाली बसले.

आता तिला राहवले नाही. "अन्वरभाई, ते गाभे मी करते."

त्यांनी छिन्नी पुढे केली. "मग उरलेले तू काढ."

सुट्टीचा भोंगा होईपर्यंत तिचे दोनच पंप झाले. तळहातांना फोड आले.

आठवडा सरल्यावर ती केरबांकडे आली. "मामा, तुम्हाला ठाऊक होतं, तर सांगितलं का नाही?"

"काकवी कमी कर म्हटलं असतं, तर तू केलीही असतीस," केरबा म्हणाले. "पण आपला गाभा पुढं कुणाच्या हातात जातो, ते तुला दिसलं नसतं. लोखंड गोठेपर्यंत गाभ्यानं तग धरायचा, आणि गोठलं की भुगा व्हायचं. ही दोन्ही त्याची कामं. तू पहिलंच शिकलीस, कारण मोडण्याची तुला भीती होती. आणि खरं सांगायचं तर, उशीर माझाही झाला. अन्वरचं मनगट दुखावलं, त्यात निम्मा दोष माझा आहे."

दुसऱ्या दिवशी शालनने काकवी मोजून कमी केली. पहिला गाभा तिच्या हातातच मोडला. कोणीतरी हसले. तिने चुरा झटकला आणि दुसरा घडवायला घेतला.

आपले काम चांगले झाले की नाही, हे पुष्कळदा आपल्यानंतर त्याला हात लावणाऱ्या माणसालाच विचारावे लागते. शालनने तेच केले. नव्या गाभ्यावर ओतलेला पहिला पंप निवताच ती सफाई विभागात जाऊन उभी राहिली. अन्वरभाईंनी पंप तिरका धरून हलकेच दोनदा ठोकला. वाळू सरसर खाली सांडली.

त्यांनी मान वर केली. "परीक्षा कधी आहे तुझी?"

"मामा म्हणतील तेव्हा," शालन म्हणाली, आणि सांडलेली वाळू भरायला खाली वाकली.