लडी

“आत आहेस की बाहेर?”

बाईंनी हे तिसऱ्यांदा विचारलं, आणि शार्दूलच्या कपाळावर आठी आली.

“बाई, मी शॉर्टकटबद्दल विचारतोय.”

“मीही त्याबद्दलच विचारतेय.”

“एक्केचाळीस येतात मला. माउसला गेल्या महिन्यापासून हात लावलेला नाही. तुमच्याकडे याच्यापुढचं काही असेल तर शिकवा.”

बाई विणत होत्या. आमच्या दवाखान्यात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला त्या एक टोपी देत. त्या दिवशी लोकर लाल होती.

“आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर दे,” त्या म्हणाल्या.

शार्दूलने माझ्याकडे बघून डोळे फिरवले. म्हातारीचं काय मनावर घेता, असं त्याला म्हणायचं होतं. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

तर, नाडगौडाबाई. संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आणि आमच्या डोंगरातल्या दवाखान्यात आल्या. दुपारी दोन ते चार त्या आम्हाला कॉम्प्युटरवर हिशेबाची नोटबुक लिहायला शिकवायच्या. मी कुंदा, त्यांची सगळ्यात संथ शिष्या. दोन बोटांनी टाइप करते, आणि त्यातलंही एक बोट भित्रं आहे. शार्दूल वाघचौरे सगळ्यात जलद. त्याची बोटं चालायला लागली की पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज यायचा. हुशार होता, खोटं कशाला बोलू? पण त्याची हुशारी खोलीत त्याच्या आधी शिरायची.

बाईंचा प्रश्न तसा साधा होता. नोटबुकमध्ये एकाखाली एक चौकोन असतात, त्यांना सेल म्हणतात. एंटर दाबून सेलच्या आत गेलं की कर्सर लुकलुकतो आणि दाबलेलं अक्षर अक्षर म्हणून उमटतं. एस्केप दाबून बाहेर आलं की तेच अक्षर हुकूम होतं. ‘ए’ दाबलं तर वर नवा सेल येतो. ‘एम’ने सेलचा साधा मजकूर होतो, ‘वाय’ने पुन्हा कोड. आणि ‘डी’ दोनदा दाबलं की अख्खा सेल गायब. कोणी विचारतही नाही, उडवू का म्हणून.

बाईंचा नियम एकच होता. बोट ठेवण्याआधी तोंडाने म्हणायचं, आत किंवा बाहेर. मी आपली म्हणायचे. शार्दूलला त्याची लाज वाटायची.

“पहिलीतल्या पोरांसारखं काय बोलत बसायचं?” तो म्हणाला. “बघा, बाई. ऑल्ट धरून वरचा बाण, ओळ वर गेली. खालचा बाण, खाली आली. कापायचं नाही, चिकटवायचं नाही. बघितलंत?”

“बघितलं.”

“मग?”

“छान आहे. यादी किती वाजता हवीय?”

“चारला. रमिलाताई येतील तेव्हा तयार असेल. पाच मिनिटांचं काम राहिलंय.”

त्या यादीचं सांगते. पंचवीस आश्रमशाळांतल्या मुलांचं रक्त तपासलं होतं, सिकलसेल या रक्ताच्या आजारासाठी. ज्यांची पहिली तपासणी खराब आली त्यांची दुसरी करायची होती. आमच्या नर्स, रमिला पावरा, पहाटे गाडी घेऊन पाड्यांवर निघणार होत्या. ज्याचं नाव यादीत, त्याच्या दारात गाडी जाणार. ज्याचं नाही त्याच्याकडे थेट दिवाळीनंतर, कारण मधले चार महिने पावसाने वरचे रस्ते बंद.

आणि नावांचा नुसता गोंधळ होता. एक मुलगी होती, होमी. एका शाळेच्या कागदावर होमी, दुसरीच्या कागदावर होमा, दवाखान्याच्या वहीत हेमा. जन्मतारखाही तीन तऱ्हांनी लिहिलेल्या. कॉम्प्युटरच्या हिशेबी त्या तीन मुली, आणि तिघींचीही माहिती अर्धवट, म्हणून तिघीही यादीबाहेर. अशी तीनशे बारा मुलं शार्दूलने एकेक करून जुळवली होती. फोन केले, शाळांत गेला, होमीच्या घरी तर चालत गेला होता. दीड महिन्याचं ते सगळं काम एका सेलमध्ये होतं. तीनशे बारा ओळी.

“हा सेल एक घर वर घेतो,” तो म्हणाला, “आणि एका शाळेच्या तारखांचा साचा बदलतो. संपलं.”

टक, टक. सेल वर गेला.

मग त्याने तारखेचा साचा टाइप केला. दिवसासाठी दोन डी, महिन्यासाठी दोन एम, वर्षासाठी चार वाय. दीड सेकंदसुद्धा लागला नसेल. आणि त्याच दमात कंट्रोल-एस. सेव्ह. ते त्याचं बोट आपोआपच करायचं.

मग त्याने पडद्याकडे बघितलं.

“अरे…”

बाईंच्या सुया थांबल्या.

“अरे, कुठे गेला?”

तो बाहेर होता. सेल हलवायला बाहेर आला होता आणि एंटर दाबायचं राहून गेलं होतं. दोन डींनी तीनशे बारा ओळी उडवल्या. एमने खालच्या सेलचा मजकूर केला, वायने पुन्हा कोड केला. आणि वरून सेव्हही केलं. काय बाई हा माणूस! गळा कापून वर सही केली.

शार्दूलच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने चक्क माउस पकडला. वरच्या सेलमध्ये क्लिक केलं आणि कंट्रोल-झेड, कंट्रोल-झेड, कंट्रोल-झेड. त्या सेलमधली सकाळी लिहिलेली एक ओळ तेवढी गेली. बाकी काही आलं नाही.

“कुंदाताई, गेलं. सगळं गेलं.”

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

“बंद करतो आणि परत उघडतो,” तो म्हणाला. “जुनं असेल… जुनं येईल कदाचित…”

त्याचा बाण वरच्या फुलीकडे निघाला.

“शार्दूल,” बाई म्हणाल्या, “हात दे.”

“बाई, आत्ता नको.”

“दोन्ही हात दे.”

तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता, पण शार्दूलने माउस सोडला आणि खुर्ची वळवून दोन्ही हात पुढे केले.

बाईंनी पिशवीतून लोकरीची नवी लडी काढली, उलगडली आणि त्याच्या दोन्ही मनगटांवर चढवली. टोक शोधलं. गुंडा करायला बसल्या.

मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं.

“बाई!” शार्दूल ओरडला. “पन्नास मिनिटं राहिलीत!”

“हात ताठ धर. लोकर गुंतते.”

“तीनशे बारा मुलं आहेत हो त्यात!”

“म्हणून तर म्हणते, ताठ धर.”

गुंडा फिरत होता. शार्दूल हात पुढे धरून बसला होता. सोडवून घ्यायचे तर लडीचा सत्यानाश झाला असता, आणि तेवढा उद्धट तो नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पुसायला हात मोकळा नव्हता.

“होमीच्या आईला मी सांगून आलो होतो,” तो म्हणाला. “गाडी येईल म्हणून. ती म्हणाली, शहरातले सगळे असंच सांगतात.”

बाईंनी लोकरीतली एक गाठ सोडवली.

“चुकलं माझं.”

“ते नंतर. पडद्याकडे बघ.”

तो बघू लागला. हात अडकलेले, तेव्हा दुसरं करणार काय?

“काय दिसतंय?”

“सेल नाहीये.”

“नाहीये ते कसं दिसेल? आहे ते सांग.”

“…कर्सर आहे. लुकलुकतोय.”

“कुठे?”

“वरच्या सेलमध्ये.”

गुंड्याचे आणखी चार वेढे झाले.

“मग, आत आहेस की बाहेर?”

शार्दूलने मान पुढे केली. तो पडद्याकडे असा बघत होता, जणू ती नोटबुक त्याने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली.

“आत,” तो हळूच म्हणाला. “मी आत आहे, बाई. आत राहून मी कितीही मागे गेलो तरी या एकाच सेलचं मागे जाईल. सेल उडाला तो बाहेर. परत आणायचा तोही बाहेरूनच… आणि बंद केलं असतं तर…”

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“बंद केलं असतं तर परत आणायची वाटच पुसली गेली असती.”

“बंद केलंस का?”

“नाही.”

“मग बोल. कुंदा दाबेल.”

“मी?” मी दचकले. “बाई, माझी बोटं…”

“म्हणूनच.”

मी खुर्ची ओढून कीबोर्डापुढे बसले.

“आधी एस्केप, कुंदाताई,” शार्दूल म्हणाला. “एकदाच.”

मी दाबलं. लुकलुकणं थांबलं.

“बाहेर,” मी म्हणाले. सवयच ती.

“बाहेर,” तोही म्हणाला. पहिल्यांदाच. “आता नुसतं झेड. कंट्रोल नको.”

झेड. खालचा सेल कोडचा मजकूर झाला.

“वाय उलटलं,” तो पुटपुटला. “पुन्हा.”

झेड. मजकुराचा कोड झाला.

“एम उलटलं. आता…”

त्याने श्वास धरला होता. मीसुद्धा. बाईंचा गुंडा मात्र फिरतच होता.

“आता दाबा.”

भित्रं बोट पुढे केलं आणि दाबलं.

आला! अख्खा सेल आला. मी घाईघाईने खाली सरकवत गेले, सरकवत गेले. सगळ्या ओळी जिथल्या तिथे होत्या. होमी, होमा, हेमा, तिघी एकाच ओळीत बसलेल्या.

माझा जीव भांड्यात पडला. शार्दूल हसत होता आणि रडतही होता, आणि नाक पुसायला हात नव्हते म्हणून मलाच पदर पुढे करावा लागला. एरवी कोणाचं नाक पुसणारी बाई मी नव्हे. त्या दिवशी पुसलं, आनंदाने पुसलं.

मग त्याने सांगत जायचं आणि मी दाबत जायचं. वरच्या सेलमधली गेलेली ओळ लिहिली. तारखांचा साचा बसवला. दर वेळी आधी तो म्हणायचा आत, मग मी म्हणायचे आत. माझ्या गतीने पाच मिनिटांच्या कामाला पंचवीस मिनिटं लागली. एकदाही तो ‘लवकर’ म्हणाला नाही.

रमिलाताई आल्या तेव्हा यादी छापून निघत होती. त्यांनी दारातूनच लोकरीत अडकलेला शार्दूल बघितला.

“ह्याला का बांधलंय?”

“मदत करतोय,” बाई म्हणाल्या.

रमिलाताईंनी यादीवरून बोट फिरवलं. “होमी आहे ना? तिची आई काल बाजारात भेटली होती. विचारत होती, नक्की येणार का.”

“आहे,” शार्दूल म्हणाला. “नवव्या नंबरला. नक्की म्हणून सांगा.”

त्या यादी घेऊन गेल्या. बाहेर गाडीत खोकी चढत असल्याचा आवाज येऊ लागला.

खोलीत आम्ही तिघंच उरलो. शार्दूलच्या हातांवर अजून पाऊण लडी होती, कारण सेल परत आल्यापासून पडद्यावर काही घडलं की बाईही हात थांबवून बघायच्या. त्या काही दगडाच्या नव्हत्या.

“बाई,” तो म्हणाला, “मी एक्केचाळीस पाठ केले. त्यातला पहिला शिकायला हवा असा कुठला, ते आता तरी सांगाल?”

बाईंनी गुंड्याला एक वेढा दिला. मग दुसरा.

“हात वर घे,” त्या म्हणाल्या. “लडी खाली येतेय.”