परत आलेलं घरटं

माणसाला दुकान थाटायची अक्कल यायच्याही आधी रानातल्या एका वडावर घुबडाने बाजार भरवला होता. तिथे घेणारा आणि विकणारा एकमेकांचं तोंडही बघत नसत. मागणी कावळा आणायचा, मालही तोच पोचवायचा. नियम एकच, पसंत नाही पडलं तर परत.

सुगरणीने हिरव्या पात्यांचं घरटं विणलं, वाऱ्याने हेलकावू नये म्हणून आत ओल्या मातीचा गोळा थापला आणि मुनिया पक्षिणीकडे धाडलं. पावसाळा सरल्यावर कावळ्याने ते परत आणून टाकलं आणि बदल्यात दिलेलं धान्य उचललं.

"फार झुलतं म्हणे. झोप लागत नाही तिला."

सुगरणीने आत डोकावलं. तळाशी अंड्यांची टरफलं आणि पिल्लांची पिसं पडली होती. ती टरफलं तिने घुबडापुढे नेऊन ठेवली.

"काका, बघा तरी! पिल्लं उडून जाईपर्यंत वापरलंय हे."

"दिवसा मला दिसत नाही गं," घुबड डोळे न उघडता म्हणालं.

"मग रात्री येते."

"रात्री तुला दिसत नाही. आणि हे बघ, गिऱ्हाईक रुसलं तर दुसरीकडे जाईल. तू कुठे जाणार?"

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर कावळा पुन्हा मुनियेचीच मागणी घेऊन आला.

"अगदी मागच्यासारखंच हवंय तिला. पिल्लांना फार मानवलं होतं म्हणाली."

रानात दुसरा बाजार नव्हता. सुगरण गवताचं पातं चिरायला बसली.