पिराजीनं पाहिलेले तीन सिनेमे

एका गावात एक भोळा पिराजी होता. भोळा म्हणजे असातसा नव्हे. 'जरा थांब, आलोच' म्हणून कुणी गेलं आणि विसरलं, तर पिराजी दिवे लागेपर्यंत तिथंच उभा. पण एकदा सांगितलेलं विसरायचा नाही, हा त्याचा मोठा गुण. सगळा घोळ त्या गुणानंच केला.

त्याचं लग्न ठरलं. पलीकडच्या गावच्या बळवंत सुभेदारांची मालन. बघण्याच्या कार्यक्रमात पिराजी इतका लाजला, की मान वर केलीच नाही. पोह्यांकडंच बघत राहिला. पोहे पसंत पडले. मालनचं तोंड मात्र बघायचं राहून गेलं.

सुभेदार फौजेतून पेन्शनीत आलेले. लढाईचा सिनेमा म्हटला, की भरल्या ताटावरनं उठायचे. उन्हाळ्यात त्यांच्या गावच्या माळावर सिनेमाचा तंबू पडला, तसा त्यांनी निरोप धाडला, "जावयाला पाठवा. माणूस सिनेमा कसा बघतो, त्यावरनं मला कळतं."

पिराजीच्या आईनं, गौराक्कानं त्याला जवळ बसवलं. "लेका, सुभेदार सांगतील तसंच वागायचं. सोयरीक मोडली तर तुला दुसरी कोण देणार न्हाई बघ."

"सांगतील तसंच वागतो," पिराजी म्हणाला.

तर गेला. तंबूत लढाई सुरू झाली. धडाधड गोळ्या सुटल्या, पटापट शिपाई पडले. पिराजी उभा राहिला. टोपी काढली. आणि जो गळा काढला, की लोक सिनेमा सोडून त्याच्याकडंच बघायला लागले. सिनेमा सुटल्यावर सुभेदार चहाला घरी घेऊन निघाले, तर पिराजी मधेच गायब. थोड्या वेळानं दारात आला, तो नखशिखांत भिजलेला.

"पाव्हणं, हे काय?"

"मामा, एवढी माणसं गेली. मयतीवरनं आल्यावर अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ नको? विहिरीत बुडी मारून आलो."

सुभेदारांनी कपाळ चोळलं. "आरं बाबा, ती खरी मरत न्हाईत. उद्याच्या खेळाला परत उभी राहत्यात. माणूस पडला म्हणून रडायचं न्हाई. टाळ्या वाजवायच्या!"

"बरं," पिराजी म्हणाला.

आठवडा गेला नाही, तोच सुभेदारांच्या शेजारचे गणूतात्या वारले. पिराजी आला भेटायला. अंगणात तात्यांना निजवलेलं, भोवती रडारड चाललेली. पिराजी पुढं झाला आणि खणखणीत टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच. मग तात्यांच्या बायकोपाशी वाकून हळूच म्हणाला, "काकी, रडू नका. उद्याच्या खेळाला उठत्यात."

पुढं काय झालं ते न सांगितलेलं बरं. सुभेदारांनी मानगूट धरून बाहेर काढलं म्हणून वाचला.

"मोडलं लग्न!" सुभेदार ओसरीत येऊन गरजले.

आतनं मालन म्हणाली, "आबा, त्येंच्या मनात वाईट न्हाई. कुणी नीट शिकवलंय का त्येंना?"

मालन अशी कधी मधे बोलायची नाही. सुभेदारांनी आवाज खाली आणला. मग पिराजीला समोर बसवून म्हणाले, "हे बघ. माणूस गेल्यावर त्या घरात चूल पेटत न्हाई. आपण पिठलं-भाकरी न्यायची, घरच्यांच्या हातात द्यायची, आन् गुमान परत यायचं. कळलं?"

"कळलं, मामा."

पुढच्या आठवड्यात तंबूत परमुलखातला लढाईचा सिनेमा लागला. सुभेदारांनी पिराजीला बोलावलं. म्हटलं, बघू एकदा. पिराजी आला, तो डोक्यावर टोपली घेऊन. सुभेदारांना वाटलं, आईनं आंबे पाठवले असतील. सिनेमातली भाषा कुणालाच कळेना. सुभेदार म्हणाले, "भाषा कळंना तर खाली बघायचं. खाली अक्षरं येत्यात, त्यात सगळं असतंय."

पिराजी खालची अक्षरं वाचत राहिला. गाव जळालं. एक म्हातारी पोराची टोपी उराशी धरून बसली. पिराजीनं टोपली उचलली आणि निघाला थेट पडद्याकडं. भर लढाईत पडद्यावर टोपलीची भली थोरली सावली शिरली. सेनापतीच्या डोक्यावर टोपली बसली. तंबूत हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. पिराजी पडद्यामागं गेला आणि रिकामी टोपली घेऊन परत आला.

"मामा, घरचं कुणीच न्हाई. एक शेळी होती, तिला दिली भाकरी. पिठलं तिनं खाल्लं न्हाई."

सुभेदार हसावं की रडावं अशा तोंडानं त्याला बाहेर घेऊन आले. लग्न दोन दिवसांवर, मांडव घातलेला, पोरगी ऐकत नव्हती.

"पिराजी, आता शेवटचं सांगतो. पडद्यामागं आपलं कुणी नसतंय. पडद्यावरचं माणूस किती का आवडंना, त्येला घरी न्यायचं नसतंय. पडदा निघाला, टाळ्या वाजल्या, की मुकाट्यानं आपल्या घरला जायचं!"

पिराजी ते घोकतच घरी गेला.

लग्नाचा दिवस उगवला. पिराजी मुंडावळ्या बांधून पाटावर उभा राहिला. हातात हार. समोर दोघांनी पांढराशुभ्र अंतरपाट धरला. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. पिराजीला एक अक्षर कळेना. त्यानं खाली बघितलं. खाली हळदीनं पिवळे झालेले दोन पाय तेवढे दिसले.

"भटजी, खालची अक्षरं आली न्हाईत," तो कुजबुजला.

भटजींनी आवाज चढवला.

मग सावधान झालं. अंतरपाट निघाला. समोर मालन उभी. पिराजीनं ते तोंड आज पहिल्यांदा बघितलं. ती त्याच्याकडं बघून हसली, आणि पिराजीचा जीव तिच्यात असा गुंतला, की काही विचारू नका. तेवढ्यात अक्षता पडल्या, टाळ्या वाजल्या, बँड सुरू झाला.

पिराजीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं हातातला हार भटजींच्या गळ्यात घातला. म्हणाला, "खेळ फार चांगला दाखवलात." आणि पाटावरनं उतरून चालायला लागला. मांडवातल्या लोकांना वाटलं, यांच्याकडं अशी रीत असेल.

तो थेट घरी पोचला. थोड्या वेळानं मागनं सगळं वऱ्हाड धावत आलं. पुढं सुभेदार, त्यांच्यामागं गौराक्का, तिच्यामागं हार हातात घेतलेली मालन, आणि शेवटी वाजवत वाजवत बँडवाले. पिराजी उंबऱ्यावर बसून मुंडावळ्यांनी डोळे पुसत होता.

"आरं, नवरी मांडवात टाकून आलास?" सुभेदार धापा टाकत म्हणाले.

"मामा, लई आवडली हो," पिराजी हुंदके देत म्हणाला. "पण तुमचा शब्द मोडला न्हाई. न्हाई आणली घरी." मग त्यानं नाक पुसलं आणि हळूच विचारलं, "उद्याचा खेळ किती वाजता हाय? मी पुढं बसतो."