उंबरावरचा हिरवा दोरा

फार पूर्वी एका उंबरावर साळुंक्या राहत. गळ्यात लाल दोरा असेल तीच आपली, असा त्यांचा नेम. समोरच्या चिंचेवरच्या साळुंक्यांचा दोरा हिरवा.

एकदा वाऱ्यानं चिंचेवरचं घरटं पिलासकट निसटू लागलं. उंबरावरच्या रूपीनं आपला दोरा सोडला आणि घरटं फांदीला बांधलं.

ती परतली, तर थोरल्या आत्यानं वाट अडवली. "दोरा कुठाय गं? बिनदोऱ्याचीला इथं जागा नाही."

"आत्या, देवाला हवा होता तिथं बांधून आले," रूपी न डगमगता म्हणाली.

तेवढ्यात पिलाची आई आली. तिनं स्वतःचा हिरवा दोरा रूपीच्या गळ्यात घातला. "हिच्यामुळं माझं पिलू वाचलं हो."

आत्यानं चोचीनं तो दोरा नीट बसवला. मग म्हणाली, "शोभतो गं तुला हिरवा! ये, जवळ सरक, गार वारा सुटलाय."

रूपीला मिळाली तशी ऊब साऱ्यांना मिळो.