ताणलेली जमीन

समुद्रातून बेटांची एक रांग नुकतीच वर आली होती, तेव्हाची ही गोष्ट. डोंगरावरच्या ऊबदार राखेत अंडी पुरणाऱ्या रानकोंबडीला एकदा राख गार लागली. खालच्या फटीत राहणाऱ्या खेकड्यावर तिचा संशय गेला.

"ऊब तूच चोरलीस!"

"नाही गं बाई. बेट दोन्हीकडून ओढलं जातंय. माझ्या फटीपाशी जमीन ताणून पातळ झालीय, म्हणून पोटातली आग आता इथून वर येतेय. अंडी इथेच पूर."

"म्हणजे तुला खायला सोपं!"

खेकड्याचं घर तापलंच होतं. ते सोडून तो समुद्रात शिरला. तो दिसेनासा झाल्यावरच कोंबडीनं फटीशेजारी अंडी पुरली.

पिल्लं निघाली तेव्हा तिनं किनाऱ्यावर जाऊन त्याला खूप हाका मारल्या. पण खेकडा पुन्हा त्या बेटावर आला नाही.