वरीची भाकरी

भांड्यांना आणि पिठामिठालाही वाचा होती तेव्हाची गोष्ट. तानुबाई परातीत वरीचं पीठ मळत होती. पण भाकरी थापली की कडेनं चिरायची आणि उचलली की मोडायची.

"गव्हाची कणीक बघा, ताणावी तेवढी ताणते," परात फणकारली. "मी याला तासभर रगडलं, तरी हे मिळून येईल तर शपथ! कोंबड्यांना घाला हे पीठ."

तानुबाईनं पीठ कोंबड्यांसाठी बाजूला सारलं. उलथण्याला मात्र राहवेना. भाकरी नुसती मोडते म्हणजे काय? त्यानं पिठालाच विचारलं, "का रे, असं का होतं तुझं?"

"गव्हाचा चिकटपणा माझ्या अंगातच नाही," पीठ म्हणालं. "रगडून तो येणार कुठून?"

"मग काय केलं तर जमेल?"

"पाणी उकळा, त्यात मला घाला, झाकण ठेवा आणि थोडं थांबा."

तानुबाईनं तशी उकड काढली. भाकरी न चिरता थापली गेली, तव्यावर फुगली आणि उलथण्यानं ती अख्खी उलटली.

परात खजील झाली. "मेल्या, मला आधीच का नाही सांगितलंस?"

पीठ म्हणालं, "तू रगडत होतीस ना! तोंड उघडायला सवड कुठे दिलीस?"